न बोलणाऱ्यांची प्रीत : काही बंगाली चित्रपट

आमच्या गावातल्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतात. निवड बहुधा ठरलेलीच. शांतारामबापू, राजा परांजपे, नाहीतर राज कपूर. गेल्या हिवाळ्यात मात्र एका मैत्रिणीच्या नातवाने एक बंगाली चित्रपट आणून दिला आणि म्हणाला, आजी, ह्याला हिब्रू अक्षरे लागत नाहीत, सगळ्यांना कळेल. दिवे मालवले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मागच्या रांगेतून हाक आली, "बाई, आवाज गेलाय का हो?"

आवाज गेला नव्हता. ट्रामची खडखड ऐकू येत होती, नळाचे पाणी, रस्त्यावरच्या घोषणा, कढईतले तेल, सगळे होते. माणसे बोलत नव्हती, इतकेच. अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटपर्यंत आम्ही सातजण उरलो आणि मग चहावर वाद झाला. तो नातू म्हणाला, किती सुंदर! एक शब्द न बोलता केवढे प्रेम! त्यावर गिरणीत उभा जन्म काढलेले एक गृहस्थ म्हणाले, "ह्यात सुंदर काय आहे? दोन माणसे झोपेला मुकली आहेत, बोलणार कधी?"

मला दोघांचेही पटले. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. म्हणून हा चित्रपट मी पुन्हा एकटीने पाहिला, त्याच्या अनुषंगाने पूर्वी पाहिलेले आणखी काही बंगाली चित्रपट पाहिले, आणि वाचकहो, त्यावर चार शब्द लिहायला बसले.

चित्रपटाचे नाव 'आसा जाओआर माझे'. दिग्दर्शक आदित्य विक्रम सेनगुप्ता, साल 2014, त्याचा पहिलाच चित्रपट. आपल्यासारख्या मराठी माणसाची ह्या नावाने दोनदा फसगत होते. बंगाली माणूस 'आसा'चा उच्चार 'आशा' असा करतो, म्हणून आपल्याला वाटते, काही आशेबद्दल असेल. आणि 'माझे' ऐकून वाटते, कुणाचे तरी काहीतरी असेल. पण 'आसा' म्हणजे येणे, 'जाओआ' म्हणजे जाणे आणि 'माझे' म्हणजे मध्ये. येण्याच्या आणि जाण्याच्या मध्ये. चित्रपटात आहे तेही एवढेच.

कलकत्त्यातले एक जुने, पोपडे आलेले घर. मंदीचे दिवस आहेत, कारखान्यांतून माणसे कमी होत आहेत. बायको दिवसा पिशव्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला जाते. नवरा रात्री छापखान्यात. ती घरी असते तेव्हा तो नसतो, तो असतो तेव्हा ती नसते. तो सकाळी परततो आणि तिची निघायची वेळ झालेली असते. मधली काही मिनिटे, बस्स, तेवढाच त्यांचा संसार. त्या दोघांना नावे नाहीत. चौऱ्याऐंशी मिनिटांत ती दोघे एकमेकांशी एक वाक्य बोलत नाहीत. ऋत्विक चक्रवर्ती आणि बासबदत्ता चॅटर्जी ही नटमंडळी ते कसे निभावून नेतात ते पाहण्यासारखे आहे. चेहऱ्यावर 'अभिनय' असा काही करत नाहीत. थकलेले माणूस घरी आल्यावर जसे चपला काढते तशा चपला काढतात.

मग दाखवले काय, असे कोणी विचारील. घर दाखवले. धुतलेले कपडे वाळत पडलेले. डाळ, तांदूळ डब्यांत ओतले जातात त्याचा आवाज. कढई विस्तवावर ठेवल्यावर तिच्यातले पाण्याचे थेंब कसे आकसत आकसत नाहीसे होतात, ते कॅमेरा इतक्या जवळून आणि इतका वेळ पाहतो की आपण श्वास धरून बसतो. गंमत म्हणजे हे आपण रोज दोनदा पाहिले आहे, आयुष्यात हजारो वेळा, आणि कधीच पाहिलेले नाही. मधूनच गीता दत्तचा आवाज येतो, शेजारच्या घरातला रेडिओ लागावा तसा. आमच्या मोआदोनमध्ये तेवढ्यापुरते सगळे जागे झाले.

ह्या चित्रपटाला भारत सरकारचा पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, आणि आणखी एक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ध्वनीसाठी. ज्यात संवाद नाहीत त्याला ध्वनीचे बक्षीस! पण ते योग्यच आहे. माणसे गप्प बसली की घर बोलू लागते हे त्या ध्वनीयोजकाला ठाऊक होते.

आणि ती भेट. सकाळी दोघे समोरासमोर येतात तेव्हा चित्रपटाचे रंग एकदम जातात. काळ्यापांढऱ्या चित्रात धुक्याचे एक रान दिसते, आणि त्या रानात त्यांचा पलंग. तिथे ती दोघे आहेत. बाकी चित्रपटभर नळ, कढई, सायकल इतके खरेखुरे दाखवणारा माणूस भेटीच्या वेळी मात्र स्वप्नात जातो. पहिल्यांदा पाहताना मला हे फार आवडले. दुसऱ्यांदा पाहताना मात्र मी जरा थबकले, आणि माझे जे म्हणणे आहे ते तिथून सुरू होते.

हा चित्रपट इतालो काल्विनो ह्या इटालियन लेखकाच्या एका छोट्या कथेवरून सुचलेला आहे. ती कथा मी मुद्दाम मिळवून वाचली. तिथेही नवरा रात्रपाळीला, बायको दिवसपाळीला. तो पहाटे येतो तेव्हाच तिच्या घड्याळाचा गजर होतो. ती धावपळीत आवरते, ट्राम गाठायला पळते, आणि तो पलंगावर पडतो तो हळूच तिच्या बाजूला सरकतो, कारण तिथे अजून तिची ऊब आहे. रात्री तो गेल्यावर ती पाय त्याच्या बाजूला सरकवते, आणि तिला कळते की खरी ऊब तिच्याच बाजूला आहे, म्हणजे तोही इथेच झोपला होता. किती साधी गोष्ट! पण त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, जी चित्रपटात नाही. ती दोघे कुरकुर करतात. वेळ थोडा, घरात कामे पडलेली, त्यामुळे ती चिडते, तो ओशाळतो, मग थट्टा, मग पुन्हा चिडचिड. त्या अर्ध्या तासात प्रेमाला जागा करायची तर आधी भांडण बाजूला सारावे लागते.

सेनगुप्तांनी ती कुरकुर काढून टाकली. भांडणही नाही, रुसवाही नाही, कंटाळाही नाही. बायको दिवसभर कारखान्यात राबून येते आणि तरी तिच्या कपाळावर आठी नाही. दोघांचे प्रेम धुतलेल्या तांदळासारखे. तिथे मला तो गिरणीतला गृहस्थ आठवतो. ह्या जोडप्याचे बोलणे कोणी काढून घेतले आहे. ती दोघे स्वतःहून गप्प नाहीत. घड्याळाने आणि पगाराने त्यांना गप्प केले आहे. चित्रपट सुरुवातीला मंदीच्या बातम्या ऐकवतो खरा, घोषणाही ऐकवतो, पण पुढे त्या मौनाचे इतके देखणे चित्र काढतो की जे हिरावले गेले तेच दागिन्यासारखे चमकू लागते. नातवाला ते सुंदर वाटले ह्यात त्याचा दोष नाही. त्याला तसेच दाखवले आहे.

इथे माझा स्वतःचा अनुभव आड येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा मी दिवसा शाळेत, आणि माझे पती रात्रीच्या मिश्मेरेतला कापडाच्या कारखान्यात. आठ वर्षे असे गेले. शुक्रवारी संध्याकाळ व्हायची तेव्हा आम्ही एका टेबलाशी बसत असू. बाकीच्या दिवशी चिठ्ठ्या. फ्रिजच्या दारावर त्यांची चिठ्ठी: गॅसवाला आला नाही, धाकट्याला खोकला आहे, तुझी आई रागावली आहे, भात करपला त्याला मी जबाबदार नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत, ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने आनंद. मी मास्तरीण, माझ्या हातून राहवत नसे, मी लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करून खाली माझे उत्तर लिही. एकदा त्यांनी लिहिले, "गुण किती?" मी दहापैकी तीन दिले. दोन दिवस चिठ्ठी आली नाही.

तेव्हा कोणी मला येऊन म्हणाले की तुमचे प्रेम अबोल आहे, तर मला हसू येईल. आमच्या दोघांत बोलणे होते, आणि बरेचसे भांडणाचे होते. नव्हते ते फक्त 'ते' वाक्य, जे सिनेमात म्हणतात. ते आपल्या पिढीत कोणी कोणाला म्हटले आहे? म्हणून 'आसा जाओआर माझे' पाहताना मला रडू आले ते खरे, आणि काहीतरी निसटले असे वाटले तेही खरे.

बंगाली चित्रपटाला हे मौन नवे नाही. सत्यजित राय यांचा 'चारुलता' मी मुंबईत रविवारी सकाळच्या खेळाला पाहिला तेव्हा माझे लग्न व्हायचे होते. चित्रपट 1964चा, कथा रवींद्रनाथांची, 'नष्टनीड', म्हणजे मोडलेले घरटे. काळ 1879. भूपती हा श्रीमंत, सज्जन गृहस्थ इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो, बायकोवर माया करतो आणि तिच्याकडे पाहायला त्याला वेळ नाही. चारु एकटी. तिचे मन रमावे म्हणून भूपतीच आपल्या आतेभावाला, अमलला, सांगतो की तिच्या वाचनलेखनाकडे लक्ष दे. पुढे काय होते ते आपण ओळखले असेल, पण ज्या रीतीने होते ते ओळखणे कठीण.

पहिली सातेक मिनिटे जवळजवळ संवादच नाहीत. चारु रुमालावर नवऱ्याच्या नावाचे इंग्रजी अक्षर भरते. भरणे संपते. पुस्तक काढते, ठेवते. दुर्बीण घेते, ती नाटकाला नेतात तशी छोटी, आणि खिडकीच्या फळ्यांतून रस्ता पाहते. एक जाडा माणूस छत्री घेऊन चालला आहे, ती एका खिडकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पळत त्याला पाहते. मग नवरा त्याच ओसरीतून पुस्तकात डोके घालून येतो, तिच्या बाजूने जातो, तिला पाहत नाही. चारु दुर्बीण उचलते आणि पाठमोऱ्या नवऱ्याला दुर्बिणीतून पाहते. हाताच्या अंतरावरचा माणूस! ह्या एका कृतीत रायबाबूंनी सगळे लग्न सांगून टाकले. आम्ही वर्गात मुलांना सांगत असू, निबंधात मुद्दा एकदाच आणि नेमका मांडा. त्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नंतर बागेतला झोका. अमल जमिनीवर पडून लिहितो आहे, चारु झोक्यावर. दुर्बिणीतून तिला शेजारच्या घरात बाळाला घेतलेली आई दिसते, आणि मग दुर्बीण वळते ती अमलवर. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येते, माधवी मुखर्जींच्या चेहऱ्यावर, ते पाहून माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मावसबहिणीने माझा हात दाबला होता. दोघी काही बोललो नाही. परत येताना दादरला केळी घेतली आणि भावाभावीच्या गप्पा मारल्या.

पण इथले मौन 'आसा जाओआर माझे'सारखे नाही. इथे मौन फुकट मिळत नाही, कोणालातरी त्याची किंमत द्यावी लागते, आणि राय ती किंमत दाखवतात. अमल घाबरतो आणि निघून जातो. त्याचे पत्र येते तेव्हा चारु एकटी आहे असे समजून कोसळते, आणि भूपतीला ते दिसते. बिचाऱ्याला तोवर काहीच कळलेले नाही. त्याचे वर्तमानपत्र मेहुण्याने बुडवले, आणि घर असे. शेवटी तो परत येतो, ती दार उघडते, हात पुढे करते, तोही हात पुढे करतो, आणि चित्र थांबते. हात हातात पडत नाहीत. रवींद्रनाथांच्या कथेत शेवट निराळा आहे. तिथे भूपती परगावी निघतो, आधी तिला नको म्हणतो, मग ये म्हणतो, आणि ती नकार देते. मला कथेतला शेवट जास्त धारदार वाटतो आणि चित्रपटातला जास्त दयाळू. सत्तरीनंतर दयाळूपणाकडे कल जातो.

चारुने नवऱ्याला 'मी एकटी आहे' असे पहिल्या महिन्यातच म्हटले असते तर? अशी मी मैत्रिणीला विचारले, तर ती म्हणाली, मग राय उपाशी मेले असते. खरे आहे. पण चित्रपट पाहून झाल्यावर असा प्रश्न पडतो ही त्या चित्रपटाची ताकद आहे. रायबाबू न बोलण्याला नमस्कार करत नाहीत.

ह्याच्या उलट बाजूचा एक चित्रपट आहे, अपर्णा सेन यांचा 'द जापनीज वाइफ', 2010चा. त्याला प्रायोगिक म्हणणे अवघड आहे, बोलणेही त्यात बंगाली, इंग्रजी आणि जपानी असे मिसळलेले. पण आपल्यातल्या ज्यांची लग्ने एअरोग्रामवर आणि एका पासपोर्ट फोटोवर जमली, त्यांनी तो जरूर पाहावा. सुंदरबनातल्या एका खेड्यात स्नेहमय नावाचा शिक्षक आहे, अंकगणित शिकवतो. (माझाही विषय तोच, म्हणून माझी सहानुभूती आधीपासूनच त्याच्या बाजूला होती.) त्याची जपानमधल्या मियागे नावाच्या मुलीशी पत्रमैत्री होते. दोघांचे इंग्रजी मोडके. मोडक्या इंग्रजीतच ती लग्न करतात, पत्राने. तो शंखाच्या बांगड्या आणि सिंदूर पाठवतो, ती अंगठी पाठवते. आयुष्यात ती दोघे एकदाही भेटत नाहीत.

लोक ह्या चित्रपटाला विलक्षण प्रेमकथा म्हणतात. मला त्यातली खरी प्रेमकथा वेगळीच वाटते. स्नेहमयच्या मावशीने पूर्वी त्याच्यासाठी संध्या नावाची मुलगी पाहिली होती, त्याने नाकारली. तीच संध्या पुढे विधवा होऊन, मुलाला घेऊन, त्याच घरात आश्रयाला येते. पदर पुढे ओढलेली, भिंतीच्या आड. जपानला पानेच्या पाने लिहिणारा हा माणूस घरातल्या ह्या बाईशी दोन वाक्ये नीट बोलू शकत नाही, आणि त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काय काय चालले आहे ते राहुल बोस आणि राइमा सेन ह्यांच्या वागण्यात दिसते. दूरच्या माणसाशी बोलणे सोपे असते. मियागे आजारी आहे म्हणून तो वादळात कलकत्त्याच्या डॉक्टरांकडे धावतो, भिजतो, न्युमोनियाने जातो. शेवटी मियागे येते, डोके भादरलेली, पांढऱ्या साडीत, आणि तिला घरात घेते ती संध्या. दोन बायका, एका माणसाच्या. दोघींपैकी एकीजवळ त्याची सगळी पत्रे, दुसरीजवळ काही नाही. चित्रपट संपतो आणि मला राहून राहून त्या दुसरीचेच वाईट वाटते. हा चित्रपट काही ठिकाणी फार गोडगोड होतो, पतंगांचा प्रसंग मला लांबला असे वाटले, पण संध्येसाठी मी त्याला सगळे माफ करते.

आता जरा अवघड विषयाकडे. आपल्या मासिकात ह्यावर लिहावे की नाही असा विचार मी केला, आणि मग म्हटले, मी पंच्याहत्तरीला आले, मला कोण शिक्षा करणार!

2010 सालीच कौशिक गांगुली यांचा 'आरेकटि प्रेमेर गल्पो' आला. म्हणजे 'आणखी एक प्रेमाची गोष्ट'. बंगालच्या जात्रेत, म्हणजे आपल्या तमाशाच्या किंवा संगीत नाटकाच्या जातीच्या लोकनाट्यात, चपल भादुरी नावाचे नट स्त्रीभूमिका करीत. 'चपल रानी' म्हणून ते प्रसिद्ध होते. पुढे बायका रंगभूमीवर आल्या आणि ह्या राण्यांची गरज संपली. चित्रपटात चपल भादुरी स्वतः, वृद्ध, स्वतःच्याच भूमिकेत आहेत. त्यांच्यावर माहितीपट काढायला आलेला दिग्दर्शक म्हणजे ऋतुपर्ण घोष, जे स्वतः नामवंत दिग्दर्शक होते आणि 2013 मध्ये अकाली गेले. चपल यांच्या तरुणपणाचे प्रसंग येतात तेव्हा तरुण चपलही ऋतुपर्णच होतात. म्हाताऱ्या नटाचे एका विवाहित पुरुषावर प्रेम होते, आणि ह्या नव्या दिग्दर्शकाचेही एका विवाहित पुरुषावर प्रेम आहे. मध्ये अर्धे शतक गेले, आणि दोघांच्या वाट्याला तीच मागच्या दाराची जागा.

आपल्या वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांची भूमिका पाहून घरी येऊन तासन्‌तास वर्णन केले आहे. गंधर्व शालू कसा नेसतात हे पाहून घरंदाज बायका तसा नेसत. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी मला काही सुचवायचे नाही, तसे काही मला माहीतही नाही. मी सांगते आहे ते आपल्याबद्दल. अशा नटांवर आपण जीव ओवाळून टाकला आणि पडदा पडल्यावर त्यांच्यातल्या कोणाच्या मनात काय होते, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. चारु बोलली नाही कारण ती बोलू शकली नाही. छापखान्यातला नवरा बोलत नाही कारण वेळ नाही. पण चपल भादुरींसारख्याला बोलायला शब्दच दिलेला नव्हता. जे शब्द होते ते शिव्यांचे होते. म्हणून ह्या चित्रपटात ते म्हातारे गृहस्थ कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगू लागतात, थोडे लाजत, थोडे मिरवत, तेव्हा ते बोलणेच मला सगळ्यात मोलाचे वाटले. चित्रपट म्हणून त्यात गुंतागुंत जास्त आहे, आजची गोष्ट कालच्या गोष्टीइतकी पकड घेत नाही. पण तो चेहरा विसरता येत नाही.

मोआदोनमध्ये हा चित्रपट दाखवावा असे मी सुचवले आहे. समितीने अजून उत्तर दिलेले नाही. तेही एक मौनच.

परत सेनगुप्तांकडे येते, कारण त्यांच्यावर मी थोडा अन्याय केला असे मला वाटते. त्यांचा दुसरा चित्रपट 'जोनाकि', 2018चा. जोनाकि म्हणजे काजवा. ऐंशी वर्षांची एक बाई बेशुद्ध पडून आहे आणि तिच्या मनात सगळा जन्म फिरतो आहे: पडकी घरे, ओल आलेल्या भिंती, शिस्तीची आई, आणि एक प्रियकर, जो तिला लाभला नाही. दिग्दर्शकाला ही गोष्ट स्वतःच्या आजीवरून सुचली. ह्यातली युक्ती अशी की तरुण जोनाकिचे काम वेगळ्या मुलीने केलेले नाही. ललिता चॅटर्जी ह्या ऐंशीच्या घरातल्या नटीच सगळी वये करतात. म्हणजे तरुण प्रियकर आहे, तो आपल्या मुंबईचा जिम सर्भ, आणि त्याच्यासमोर सुरकुतलेल्या हातांची, पांढऱ्या केसांची प्रेयसी. तिची आई तिच्याहून तरुण दिसते.

तरुण समीक्षकांना हे प्रतीक वगैरे वाटले असावे. मला तर त्यात काही विचित्र वाटले नाही. माझ्या स्वप्नात माझी आई येते ती पस्तीस वर्षांची असते, भायखळ्याच्या खोलीत स्टोव्हला पंप मारत, आणि मी ह्याच गुडघ्यांनी तिच्यासमोर उभी असते. आमचे हे येतात ते रात्रपाळीच्या निळ्या कपड्यांत, केस काळे. मी मात्र आत्ताची. ते मला ओळखतात. असे आपल्यापैकी कित्येकांचे होत असेल. सिनेमात मी हे पहिल्यांदाच पाहिले.

'जोनाकि' संथ आहे, फार संथ, आणि कुठे कुठे चित्रांच्या मोहात पडलेला आहे, तोच जुना दोष. पण 'आसा जाओआर माझे'मध्ये मला जे कमी वाटले ते इथे आहे. इथले न बोललेले प्रेम स्वच्छ नाही. त्याला बुरशी आली आहे, ते वासासकट दाखवले आहे. ती बाई आयुष्यभर गप्प राहिली आणि त्याचे काय झाले ते तिच्या डोक्यात शिरून पाहायला मिळते. त्या रानातल्या पलंगाचे देखणे धुके इथे ओल बनून भिंतीवर उतरले आहे. तेव्हा ह्या दिग्दर्शकाला मी दहापैकी सात देते, आणि आठवा गुण राखून ठेवते. त्याच्या हातून अजून एखादे जोडपे थोडे भांडताना पाहायला मिळाले तर देईन.

मोआदोनमध्ये पुढल्या महिन्यात 'चारुलता' दाखवायचे ठरले आहे. उपशीर्षके इंग्रजी आहेत, म्हणून मी पुढे बसून मराठीत सांगत जाईन. ज्यांना ऐकायला कमी येते त्यांनी पहिल्या दोन रांगांत बसावे. पहिली सातेक मिनिटे कोणी फारसे बोलत नाही. आवाज गेलेला नाही, कृपया उठू नये.